एक कुलूप, एक किल्ली

चाकणच्या मोटार कारखान्यांत पत्र्याला आकार देणारी प्रचंड यंत्रे असतात. कामगार त्यांना 'प्रेस' म्हणतात. असे यंत्र दुरुस्त करायचे असले की माणसाला त्याच्या आत जावे लागते. माणूस आत असताना बाहेर कोणी चुकून कळ दाबली, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून दुरुस्तीला जाणारा कामगार आधी विजेचा मुख्य खटका बंद करतो. त्या खटक्याला तो स्वतःचे कुलूप लावतो आणि आपल्या नावाची पट्टी अडकवतो. किल्ली त्याच्याच खिशात राहते. या रीतीला कारखान्यात 'लोटो' असे म्हणतात. तिचा नियम फार कडक आहे. प्रत्येकाचे कुलूप वेगळे, प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी आणि आपली किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. मग तो दुसरा सख्खा भाऊ असो की मोठा साहेब असो.

यंत्र फारच मोठे असेल, तर वीज, दाबाची हवा, तेल असे सगळेच बंद करावे लागते. दहा-बारा ठिकाणी कुलपे लागतात. इतक्या किल्ल्या खिशात घेऊन कोण फिरणार? म्हणून त्या सगळ्या किल्ल्या एका लोखंडी पेटीत ठेवतात आणि पेटीला प्रत्येक कामगार आपले एक कुलूप लावतो. आता त्याने बारा किल्ल्या सांभाळायच्या नाहीत. पेटीची एक किल्ली सांभाळली, की पुरे.

भोसरी, तळवडे, चाकण या भागांतील कारखान्यांत तुमच्यापैकी काहींचे अब्बा किंवा चाचा काम करत असतील. त्यांना ही पेटी दाखवायला सांगता येणार नाही, पण तिच्याबद्दल विचारता मात्र येईल. कारण या पाठात आपल्याला अशाच एका पेटीची ओळख करून घ्यायची आहे. ती लोखंडाची नाही, डोळ्यांनी दिसतही नाही. तिचे नाव 'पासवर्ड मॅनेजर'.

पासवर्ड म्हणजे परवलीचा शब्द. पूर्वी किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी रात्री येणाऱ्याला ठरलेला शब्द विचारत असे. शब्द बरोबर आला, तरच दरवाजा उघडे. संगणकाचा पहारेकरीही तेच करतो. तो चेहरा पाहत नाही, आवाज ओळखत नाही. शब्द जुळला, की तो दार उघडतो. शब्द सांगणारा मालक आहे की चोर, हे त्याला कळत नाही. (तसे पाहिले तर 'कुलूप' हा मराठी शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. अरबीतील 'कुफ्ल' हा शब्द मराठीत येऊन 'कुलूप' झाला.)

आता एका कामगाराच्या घरात अशी किती कुलपे आहेत, ते मोजून पाहू. त्याचे बँकेचे खाते आहे. भविष्यनिर्वाह निधीचे, म्हणजे पीएफचे खाते आहे. २०१४ पासून प्रत्येक सभासद कामगाराला १२ अंकी 'यूएएन' क्रमांक मिळतो. कंत्राटी कामगार आज या ठेकेदाराकडे आणि उद्या त्या ठेकेदाराकडे गेला, तरी हा क्रमांक बदलत नाही. म्हातारपणाची सारी पुंजी त्याच क्रमांकाखाली जमा होते. शिवाय वीजबिल आहे, रेल्वेचे तिकीट आहे, ई-मेल आहे. थोरल्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये अकरावीचा प्रवेश अनेक वर्षांपासून ऑनलाइन होतो. २०२५ पासून तर साऱ्या राज्यात तसा होऊ लागला. त्या अर्जालाही एक पासवर्ड असतो. एका कुटुंबात अशी वीस-पंचवीस कुलपे सहज निघतात.

आणि किल्ल्या किती? बहुतेक घरांत एकच! मुलाचे नाव आणि पुढे त्याच्या जन्माचे साल. जो माणूस कारखान्यात आपली किल्ली साहेबालाही देत नाही, तोच घरी आल्यावर सगळ्या कुलपांना एक किल्ली वापरतो. यात त्याचा मोठा दोष आहे, असे मला वाटत नाही. पंचवीस निरनिराळे, अवघड शब्द लक्षात ठेवणे माणसाच्या आवाक्यातले काम नाही. परंतु धोका काय आहे, तो समजून घेतला पाहिजे.

संगणकाला पासवर्ड देण्याची पद्धत १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सुरू झाली. एकच मोठा संगणक अनेकजण पाळीपाळीने वापरत. एकाचे काम दुसऱ्याने पाहू नये, म्हणून फर्नांडो कोर्बातो या शास्त्रज्ञाच्या गटाने प्रत्येकाला एकेक शब्द दिला. गंमत अशी, की १९६२ मध्ये तेथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधकाने सगळ्यांच्या शब्दांची यादी संगणकाकडून छापून घेतली! त्याला संगणकावर काम करायला अधिक वेळ हवा होता. म्हणजे पासवर्ड जन्मला आणि लगेच त्याची चोरीही जन्मली.

चोरी दोन तऱ्हांनी होते. पहिल्या तऱ्हेत मालक स्वतःच किल्ली चोराच्या हातात देतो. याचे एक उदाहरण आपल्या शेजारी पुण्यातच घडले. अमेरिकेतील सिटी बँकेच्या ग्राहकांना दूरध्वनीवरून मदत करणारे एक कॉल सेंटर पुण्यात होते. तेथील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी गोड बोलून ग्राहकांचा विश्वास मिळवला आणि त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले. कामाच्या जागी येता-जाता झडती होत असे. त्यामुळे त्यांनी ते क्रमांक पाठ केले असावेत आणि बाहेरच्या सायबर कॅफेत जाऊन वापरले असावेत, असे तेव्हा सांगण्यात आले. पुण्याच्या बँकांत खोट्या नावांनी खाती उघडून त्यांत सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवण्यात आले. एप्रिल २००५ मध्ये पुणे पोलिसांनी त्यांना पकडले. या साऱ्या प्रकरणात कोणी कुलूप फोडले नव्हते. संगणकाचे मोठे ज्ञानही लागले नव्हते.

दुसरी तऱ्हा अधिक फसवी आहे. तिच्यात आपण कोणालाच काही सांगितलेले नसते. तरी चोरी होते. २०१७ च्या मे महिन्यात झोमॅटो या घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या भारतीय कंपनीकडून सुमारे १ कोटी ७० लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. हे कसे घडले, ते कंपनीनेच नंतर प्रसिद्ध केले. कंपनीच्या एका प्रोग्रामरचे दुसऱ्याच एका संकेतस्थळावर जुने खाते होते. त्या संकेतस्थळाची पासवर्डांची यादी २०१५ मध्ये फुटली. प्रोग्रामरने तोच पासवर्ड कंपनीचे काम जेथे ठेवले जाई, त्या ठिकाणीही वापरला होता. चोराला एका घराची किल्ली सापडली. त्याने ती शेजारच्या घराला लावून पाहिली आणि दार उघडले. एका माणसाच्या एका शब्दाची किंमत पावणेदोन कोटी लोकांना मोजावी लागली. पासवर्डांबद्दल ज्याला सर्वांत जास्त कळायला हवे, असा तो माणूस होता, हेही ध्यानात घ्या.

अशा फुटलेल्या याद्या चोरांच्या बाजारात फिरत असतात. त्यांतले नाव आणि पासवर्ड उचलायचे आणि बँक, ई-मेल, दुकान अशा शेकडो दारांवर लावून पाहायचे, हे काम चोर हाताने करत नाही. संगणकच ते रात्रंदिवस करतो. म्हणून आपण एखाद्या क्षुल्लक खेळासाठी दिलेला पासवर्ड आणि पीएफचा पासवर्ड एकच असेल, तर पीएफची सुरक्षितता त्या खेळाच्या मालकाच्या हाती जाते.

तुम्ही विचाराल, कंपन्या आपले पासवर्ड लपवून ठेवत नाहीत काय? चांगल्या कंपन्या ठेवतात. त्या आपला शब्द जसाच्या तसा साठवत नाहीत. गिरणीत गहू दळून त्याचे पीठ करावे, तसे त्या शब्दाचे करतात आणि फक्त पीठ ठेवतात. पिठाचा पुन्हा गहू होत नाही. आपण पासवर्ड दिला, की तो पुन्हा दळला जातो आणि आधीच्या पिठाशी ताडून पाहिला जातो. मात्र चोरही हुशार असतो. पीठ हाती लागले, की तो आपल्या मनाने एकेक शब्द दळत जातो. दोन पिठे जुळली, की शब्द सापडला. आणि काही कंपन्या तर दळण्याचेही कष्ट घेत नाहीत. २००९ मध्ये रॉकयू या अमेरिकन कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे चोरीला गेले. त्यांत सर्वांत आवडता पासवर्ड कोणता निघाला? '१२३४५६'. जवळजवळ २ लाख ९० हजार लोकांनी तोच ठेवला होता.

आता थोडे गणित करू. आठ इंग्रजी अक्षरांचा शब्द घेतला, तर पहिल्या जागी २६ अक्षरांपैकी कोणतेही एक येऊ शकते, दुसऱ्या जागीही २६, असे आठ वेळा. या सगळ्यांचा गुणाकार सुमारे २० हजार ८८२ कोटी येतो. संख्या प्रचंड वाटते. पण सेकंदाला १०० कोटी शब्द ताडून पाहणारा संगणक ती चार मिनिटांच्या आत संपवतो. चहा होईपर्यंत काम झाले! म्हणून पासवर्ड लांब असावा लागतो आणि तो माणसाच्या मनातून आलेला नसावा लागतो. 'अ' च्या जागी '@' लावणे, शेवटी १ किंवा १२३ जोडणे, या युक्त्या आपल्याला फार चतुर वाटतात. चोराच्या संगणकाला त्या केव्हाच शिकवलेल्या असतात.

येथे आपली पेटी उपयोगी पडते. पासवर्ड मॅनेजर हा एक प्रोग्राम आहे. तो प्रत्येक खात्यासाठी वीस-वीस चिन्हांचा, कोणताही अर्थ नसलेला पासवर्ड स्वतः तयार करतो. ते सगळे तो एका कुलूपबंद फाइलमध्ये ठेवतो. ही फाइल सांकेतिक लिपीत असते. कोणी ती उघडून पाहिली, तरी त्याला निरर्थक चिन्हांपलीकडे काही दिसत नाही. ती वाचायची असेल, तर एकच मुख्य पासवर्ड लागतो. तो मात्र आपल्या डोक्यात असतो. मुख्य पासवर्ड दिला, की पेटी उघडते आणि हव्या त्या खात्याचा शब्द ती आपणहून भरते. आपल्याला तो टंकित करावा लागत नाही. खरे म्हणजे आपल्याला तो माहीतही नसतो!

असा एक जुना प्रोग्राम ब्रूस श्नायर या अमेरिकन तज्ज्ञाने १९९७ मध्ये तयार केला. २००३ मध्ये जर्मनीच्या डॉमिनिक राइकल याने 'कीपास' नावाचा प्रोग्राम आणला. तो फुकट मिळतो आणि फाइल आपल्याच संगणकात ठेवतो. २०१६ मध्ये आलेला 'बिटवॉर्डन' आपली कुलूपबंद फाइल दूरच्या संगणकावर ठेवतो. त्यामुळे ती फोनवर आणि संगणकावर दोन्हीकडे उघडता येते. त्याचाही साधा प्रकार फुकट आहे. आजकाल गूगल आणि ॲपल यांनी फोनमध्येच अशी पेटी दिलेली असते. शाळकरी मुलामुलींना तेवढी पुरते, असे माझे मत आहे. मात्र एक अट आहे. पेटी फोनच्या पडद्याच्या कुलपाने उघडते. घरात फोन एकच असेल आणि त्याचे चार आकडे चारही भावंडांना ठाऊक असतील, तर ती पेटीही चौघांची झाली. अशा घरात मुख्य पासवर्ड वेगळा असलेला प्रोग्राम बरा.

या पेटीचा आणखी एक गुण फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. समजा, रात्री नऊ वाजता फोनवर निरोप आला, की 'तुमचे वीजबिल भरलेले नाही, आज वीज तोडली जाईल, खालील दुव्यावर जा'. महाराष्ट्रात असे खोटे निरोप पुष्कळांना आले आहेत. दुवा दाबला, की हुबेहूब खऱ्यासारखे पान उघडते. घाबरलेल्या माणसाला पत्त्यातील एका अक्षराचा फरक दिसत नाही. पेटी घाबरत नाही. तिच्याजवळ खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता लिहिलेला असतो. पत्ता तंतोतंत जुळला नाही, तर ती पासवर्ड भरतच नाही. रोज आपणहून भरणारी पेटी आज गप्प का बसली, एवढा विचार मनात आला, तरी माणूस थांबतो.

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल आणि ती योग्यच आहे. सगळ्या किल्ल्या एका पेटीत ठेवल्या आणि पेटीच चोरीला गेली तर? असे घडलेही आहे. लास्टपास ही पासवर्ड सांभाळणारी एक कंपनी. तिच्या ग्राहकांच्या कुलूपबंद पेट्यांची नक्कल चोरांनी नेल्याचे तिने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. पेट्यांतील पासवर्ड सांकेतिक लिपीत होते. परंतु कोणत्या संकेतस्थळांवर खाती आहेत, ते पत्ते उघडेच होते. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब आणि अवघड होता, त्यांची पेटी नेऊनही चोराला तिचा उपयोग नव्हता. ज्यांनी तेथेही मुलाचे नाव ठेवले होते, त्यांना मात्र एकेक खात्याचा पासवर्ड बदलत बसावे लागले. तेव्हा धोका शून्य होत नाही. तरीही पंचवीस दारांना एक किल्ली लावण्यापेक्षा एक मजबूत पेटी बरी, असेच बहुतेक जाणकार सांगतात.

ज्यांना हे सगळे झेपत नाही, अशा आजी-आजोबांनी वहीत पासवर्ड लिहून ठेवले, तरी मला त्यात गैर दिसत नाही. परदेशात बसलेला चोर आपल्या घरातले कपाट उघडू शकत नाही. फक्त ती वही कपाटातच असावी. फोनच्या कव्हरमध्ये खोचलेली चिठ्ठी म्हणजे वही नव्हे.

ई-मेलच्या खात्याकडे विशेष लक्ष द्या. कोणत्याही संकेतस्थळावर 'पासवर्ड विसरलात?' असे लिहिलेले असते. ते दाबले, की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा बहुतेक वेळा ई-मेलवर येतो. म्हणून ज्याच्या हाती आपला ई-मेल, त्याच्या हाती बाकीची कुलपेही जातात. त्या खात्याला पासवर्डबरोबर दुसरे कुलूप, म्हणजे फोनवर येणारा किंवा फोनमध्ये तयार होणारा आकड्यांचा संकेत, अवश्य लावावे. तो संकेत दूरध्वनीवर कोणी मागितला, तर पुण्यातील ते २००५ चे प्रकरण आठवावे. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

दहावीनंतर तुम्हाला एक गोष्ट लगेच करावी लागेल. अकरावीचा अर्ज पुष्कळ मुले नेट कॅफेत भरतात. तेथे गर्दी असते. दुकानदार सोयीसाठी स्वतःच पासवर्ड ठरवतो आणि एखाद्या वेळी सगळ्या मुलांना एकच देतो. तो माणूस वाईट नसतो, घाईत असतो. पण महाविद्यालयांचा पसंतीक्रम त्याच खात्यात भरायचा असतो. तो कोणी बदलला, तर वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडते. म्हणून अर्ज भरून झाला, की आपल्या फोनवरून पासवर्ड बदलावा. कॅफेतील संगणक 'पासवर्ड जतन करू का?' असे विचारतो. तेथे 'नाही' म्हणावे आणि उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे. अब्बांच्या पीएफचा पासवर्ड ठेकेदाराच्या कारकुनाने ठरवलेला असेल, तर तोही याच रीतीने बदलता येतो. हे काम घरातल्या शिकत्या मुलामुलीनेच करायचे असते, कारण ते करायला अब्बांना पाळीवरून आल्यावर वेळ नसतो.

राहिला मुख्य पासवर्ड. तो लांब हवा आणि लक्षातही राहायला हवा. १९९५ मध्ये आर्नल्ड राइनहोल्ड या अमेरिकन माणसाने यासाठी एक मजेदार रीत काढली. लुडोचा फासा पाच वेळा टाकायचा आणि पडलेले आकडे ओळीने लिहायचे. समजा, ४, १, ६, २, ५ पडले. मग शब्दांच्या तयार यादीत ४१६२५ या क्रमांकावर जो शब्द असेल, तो घ्यायचा. यादीत ७,७७६ शब्द असतात, कारण सहाचा पाच वेळा गुणाकार तेवढाच होतो. असे पाच शब्द निवडले, तर आपल्या मघाच्या सेकंदाला १०० कोटी शब्द ताडणाऱ्या संगणकाला सगळे प्रकार संपवायला सुमारे ९०० वर्षे लागतात. शब्द मात्र फाशाने निवडावेत, मनाने नव्हे. एखाद्या प्रसिद्ध शेराची ओळ घेण्याचा मोह होतो. पण जो शेर तुम्हाला पाठ आहे, तो चोराच्या संगणकालाही पाठ असू शकतो. पाच बिनसंबंधाचे शब्द मिळाले, की त्यांची एखादी वेडीवाकडी गोष्ट जुळवावी. उंट, साबण, पूल, हातोडा आणि दही यांची गोष्ट एकदा जुळली, की सहसा विसरत नाही. (हे पाच शब्द आता छापले गेले आहेत. तेव्हा ते घेऊ नका.)

तो मुख्य पासवर्ड विसरला, तर बहुतेक कंपन्यांनाही पेटी उघडून देता येत नाही. म्हणून पहिले काही दिवस तो कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घरात रेशनकार्ड आणि जन्मदाखले ज्या डब्यात असतात त्यात ठेवावा. पाकिटावर काहीही लिहू नये. पाकीट कशाचे आहे, हे अम्मीला सांगून ठेवावे.